वस्तीचा कंदील: सान फर्नांदोत दिवे नाचतात कसे?

आकाशकंदील कसा करतात हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असणार. बांबूच्या कामट्या, बांधायला दोरा, पतंगी कागद, वाटीभर खळ आणि आत एक दिवा. एका संध्याकाळचं काम. एक घर, एक कंदील.

आता आम्ही तुमच्यापुढे एक कोडं ठेवतो. हाच कंदील वीस फूट व्यासाचा करायचा. त्यात काही हजार दिवे बसवायचे. ते सगळे गाण्याच्या ठेक्यावर पेटले-विझले पाहिजेत, पाकळ्या उमलताना दिसल्या पाहिजेत, रंग आतून बाहेर धावले पाहिजेत. संगणक वापरायचा नाही. आणि हे काम एका वस्तीने उभं करायचं आहे, वर्गणी, कौशल्य आणि रात्रीची जागरणं धरून.

हे कोडं एका गावाने फार पूर्वी सोडवलेलं आहे. ते गाव म्हणजे फिलिपिन्समधलं सान फर्नांदो. आज आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. हे कंदील एवढे मोठे कसे झाले, त्यातले दिवे नाचतात कसे, आणि वस्तीने मिळून केलेली कला वस्तीचीच राहावी म्हणून काय सांभाळावं लागतं. यातली तिसरी गोष्ट आपल्यालाही लागू आहे, म्हणून शेवटी आपण आपल्या गल्लीत परत येणार आहोत.

दोन फुटांपासून वीस फुटांपर्यंत

सान फर्नांदो हे पाम्पांगा प्रांताचं मुख्य शहर. राजधानी मनिलाच्या उत्तरेला, गाडीने दीड-दोन तासांवर. इथली भाषा कापाम्पांगान. फिलिपिन्समध्ये कंदिलाला 'पारोल' म्हणतात. हा शब्द स्पॅनिश 'फारोल'वरून आला. कापाम्पांगान लोक त्याला 'पारुल' म्हणतात. डिसेंबरमध्ये नाताळच्या आधी इथे जो कंदिलांचा मोठा सामना होतो त्याचं नाव 'लिगलिगान पारुल', म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर कंदिलांची स्पर्धा.

फिलिपिन्समध्ये आपल्यासारखी कडाक्याची थंडी पडत नाही. पण या दिवसांत ईशान्येचे गार वारे सुटतात, त्यांना तिथे 'अमिहान' म्हणतात. पाऊस ओसरलेला असतो, रात्री बाहेर बसावंसं वाटतं. नाताळच्या आधी नऊ दिवस, १६ ते २४ डिसेंबर, पहाटेच्या प्रार्थना असतात. आपल्याकडे काकडआरतीला पहाटे उठून जातात ना, तसंच काहीसं.

या नऊ दिवसांतच कंदिलाचा उगम आहे. शेजारच्या बाकोलोर गावात 'लुबेनास' नावाची मिरवणूक निघत असे. कंदील घेऊन माणसं वाडी-वस्तीतून फिरायची. १९०४ मध्ये प्रांताची राजधानी बाकोलोरहून सान फर्नांदोला हलली आणि ही प्रथाही इकडे रुजली. तेव्हाचे कंदील जेमतेम दोन फुटांचे होते. बांबू, कागद, जे हाताशी मिळेल ते. पाच टोकांच्या चांदणीचा जो पारोल आज जगभर ओळखला जातो, त्याचं श्रेय फ्रान्सिस्को एस्तानिस्लाओ या कारागिराला देतात आणि साल १९०८ मानतात.

पुढे काय झालं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. घरोघरचे छोटे कंदील होतेच. त्यांच्या जोडीला प्रत्येक वस्तीने मिळून एक मोठा कंदील करायला सुरुवात केली. नक्षी कशी असावी, कागद कुठला, बांबू कोणाकडून आणायचा, यात घरटी सहभाग असायचा. नाताळच्या आदल्या रात्री सगळ्या वस्त्यांचे कंदील गावातल्या मोठ्या चर्चपाशी एकत्र यायचे. आता दहा वस्त्या दहा कंदील घेऊन एकाच पटांगणात आल्या, की पुढे काय होणार हे गणेशोत्सव पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. 'आमचा कंदील मोठा की तुमचा?' चढाओढ लागली.

१९३१ मध्ये कंदिलात वीज आली. त्या काळी प्रत्येक दिव्याला किंवा दिव्यांच्या गटाला वेगळं बटण असे, आणि माणसं गाणं ऐकत ठेक्यावर बटणं दाबत. दिवे वाढले तसं हे अवघड होत गेलं. माणसाला बोटं दहाच. मग १९५७ मध्ये रोदोल्फो दाविद यांनी एक युक्ती आणली. तिला तिथे 'रोटर' म्हणतात. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

पिंप, हेअरपिना आणि चिकटपट्टी

रोटर म्हणजे काय? एक मोठं लोखंडी पिंप, आडवं ठेवलेलं, स्वतःभोवती फिरू शकेल असं. बस्स. दुकानात मिळणारं कुठलंही खास यंत्र त्यात नाही.

विजेचं तत्त्व शाळेतलंच आहे. दिवा पेटायला मंडल पूर्ण व्हावं लागतं. पुरवठ्याची एक तार सगळ्या दिव्यांना सामाईक जाते. दुसरी तार जाते पिंपाला. म्हणजे पिंपाचा सगळा पत्रा विजेने भारलेला. आता प्रत्येक दिव्याची किंवा दिव्यांच्या गटाची उरलेली तार कंदिलाच्या मागे आणायची आणि तिच्या टोकाला एक हेअरपिन लावायची. होय, केसांत खोवायचा साधा आकडा. तो लवचीक असतो, त्यामुळे फिरत्या पिंपावर हलका दाब ठेवून टेकून राहतो. अशा शेकडो पिना एका रांगेत पिंपाला टेकलेल्या असतात.

पिन पत्र्याला टेकली की मंडल पूर्ण, दिवा पेटला. मग विझवायचा कसा? पिंपावर जागोजागी मास्किंग टेप चिकटवायची. रंगारी खिडकीच्या काचेला रंग लागू नये म्हणून लावतात ती कागदी पट्टी. पिन या पट्टीवर आली की विजेचा रस्ता तुटला, दिवा विझला. पट्टी संपली, पुन्हा पत्रा लागला, दिवा पेटला. पिंपापाशी माणूस उभा असतो, तो गाण्याच्या लयीत पिंप फिरवतो.

आपल्याला हे चटकन समजावं म्हणून तबल्याकडे जाऊ. पिंपाचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आवर्तन. परिघाचे सोळा सारखे भाग पाडले की झाला त्रिताल. उघडा पत्रा म्हणजे टाळी, चिकटपट्टी म्हणजे खाली. समजा एका पिनेच्या वाटेवर नवव्या ते बाराव्या भागापर्यंत पट्टी लावली. मग त्या पिनेचे दिवे बाकी सगळ्या मात्रांना पेटलेले राहतील आणि बरोबर खालीच्या विभागात विझतील. शेजारच्या पिनेची पट्टी एक मात्रा पुढे सरकवली, तिच्या शेजारची आणखी एक मात्रा पुढे, की अंधार एका गटातून दुसऱ्या गटात सरकताना दिसेल. डोळ्याला वाटतं पाकळी फिरते आहे. खरं तर एकही दिवा जागचा हललेला नसतो. पिंप हळू फिरवलं की विलंबित, जोरात फिरवलं की द्रुत. आणि फेरा पुरा झाला की दिवे पुन्हा समेवर.

म्हणजे पिंपावरची पट्ट्यांची मांडणी ही त्या कंदिलाची लिहिलेली बंदिश आहे. ती डोळ्यांनी वाचता येते. कुठे चूक आहे हे दिसतं, आणि ती दुरुस्त करायला नख पुरतं. पट्टी सोलायची, दुसरीकडे लावायची.

आकाराची थोडी आकडेमोड करू. वीस फूट व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं सुमारे ३१४ चौरस फूट. त्यात पाच हजार दिवे धरले तर एका चौरस फुटात सोळा दिवे येतात. एवढे दिवे शेजारी-शेजारी असले की एकाचा उजेड दुसऱ्याच्या जागेत सांडणार. म्हणून कंदिलाच्या आत पुठ्ठ्याचे छोटे-छोटे कप्पे करतात आणि त्यांना आतून चकचकीत फॉइल लावतात. मधाच्या पोळ्यासारखं. प्रत्येक कप्प्यावर रंगीत आवरण. पूर्वी पातळ कागद असे, नंतर रंगीत प्लास्टिक आलं. कप्पा नीट बंद नसेल तर लाल आणि पिवळा मिसळतो आणि लांबून नक्षी पुसट दिसते.

दिवे हजारो असले तरी तारा तितक्या असाव्या लागत नाहीत, हेही लक्षात घ्या. नक्षी बहुतेक वेळा चक्राकार असते. समजा आठ पाकळ्या आहेत. आठही पाकळ्यांच्या टोकांचे दिवे एकदमच पेटायचे असतील तर त्यांना एक तार, एक पिन पुरते. म्हणून रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नक्षीतली समानता ही निव्वळ सौंदर्याची बाब नाही. ती तारेचा खर्च आणि जोडणाऱ्यांची मेहनत वाचवते. आणि पाकळी उमलताना दाखवायची असेल तर तीच समानता मोडून वेगळ्या तारा ओढाव्या लागतात. किती उमलवायचं हा प्रश्न अखेर पैशाचा आणि हातांचा असतो.

अशीच युक्ती भारतातही पिकली. बंगालमध्ये हुगळीकाठच्या चंदननगरला दिवाळीनंतर जगद्धात्री पूजा होते. तिथल्या रोषणाईतही फिरत्या रोलरवरून दिव्यांची उघडझाप करत हलती चित्रं दाखवत. तिथले कारागीर श्रीधर दास यांचं नाव या कलेत आदराने घेतलं जातं. दोन ठिकाणांमध्ये समुद्र आहे, पण अडचण एकच होती: दिवे फार, बोटं दहा.

काम कोण करतं?

फिलिपिन्समध्ये कारभाराचं सगळ्यांत लहान एकक म्हणजे 'बरांगाय'. आपला वॉर्ड आणि गाव यांच्या मधलं काहीतरी समजा. सान फर्नांदोत असे ३५ बरांगाय आहेत. स्पर्धेत कंदील उतरतो तो बरांगायच्या नावाने. देल पिलार, दोलोरेस, सान निकोलास, तेलाबास्तागान अशी नावं तिथे आपल्या मंडळांच्या नावांसारखी घेतली जातात.

'सगळ्यांनी मिळून केलं' हे वाक्य आपण फार सहज वापरतो. त्याचा नीट अर्थ लावू. वीस फुटांचा कंदील कुशल कारागिराशिवाय होत नाही. नक्षी काढणारा, तारांचा हिशेब डोक्यात ठेवणारा, पट्ट्यांची बंदिश बांधणारा असा मुख्य माणूस असतोच, आणि हे ज्ञान तिथे बऱ्याचदा घराण्यांतून चालत आलेलं आहे. पण त्याच्या हाताखालची कामं बघा. पूर्ण मापाची नक्षी कागदावर उतरवणं, पुठ्ठे कापणं, फॉइल चिकटवणं, हजारो दिवे बसवणं, तारा सोलून जोडणं, आवरण लावणं. यातलं प्रत्येक काम शेजारी बसून तासाभरात शिकता येतं. आणि शिकणारा पोरगा चार-सहा वर्षांनी पिंपापाशी उभा राहू शकतो.

आमच्या मते वस्तीच्या कलेची खरी खूण इथे आहे. सगळ्यांनी सारखंच काम केलं पाहिजे असं नाही. पण कामाला पायऱ्या हव्यात, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवरून वरची पायरी दिसली पाहिजे.

स्पर्धेच्या रात्री कंदील ट्रकवरून मैदानात येतात. प्रत्येक कंदील आपली रचना सादर करतो, शिवाय काही कंदील एकत्र, एकाच गाण्यावर पेटतात. समोरच्याला फक्त उजेड दिसतो. कंदिलाच्या मागे मात्र घामाने भिजलेली माणसं पिंपं फिरवत असतात. गाण्याचा वेग चढला की त्यांचे हातही चढतात.

पणाला काय लागलं आहे

आता अवघड भागाकडे येऊ. आज प्रत्येक दिव्याला स्वतंत्र हुकूम देणाऱ्या एलईडी पट्ट्या स्वस्त झाल्या आहेत. हातावर मावणारं एक सर्किट शेकडो पिनांचं काम करतं. सान फर्नांदोच्या बाजारात विकले जाणारे छोटे कंदीलही मोठ्या प्रमाणावर एलईडीचे झाले आहेत. मग महाकंदिलात पिंप ठेवायचं कशाला? केवळ जुनं म्हणून?

आम्ही एलईडीच्या विरोधात नाही. वीज कमी लागते, दिवा तापत नाही, हे फायदे खरे आहेत. दिवा बदलून पिंप ठेवता येतं, हेही खरं. प्रश्न दिव्याचा नाहीच. रचना कुठे लिहिलेली आहे, हा प्रश्न आहे. पिंपावरची रचना वस्तीत राहते, सगळ्यांना दिसते, हाताने बदलता येते. संगणकातली रचना एका माणसाच्या फाइलमध्ये राहते. तो माणूस वस्तीतला असेल, इतरांना शिकवत असेल, तर काही बिघडत नाही. तो बाहेरचा ठेकेदार असेल, तर पुढच्या वर्षी वस्तीकडे काय उरतं? पुठ्ठ्याचे कप्पे आणि बिल.

दुसरी गोष्ट आकाराची. ३५ बरांगायांपैकी स्पर्धेत दरवर्षी मोजकेच उतरतात, साधारण दहाच्या आसपास. वीस फुटी कंदिलाचा खर्च मोठा असतो. शहराचं अनुदान आणि पुरस्कर्ते यांच्या आधाराशिवाय तो पेलत नाही. जी प्रथा घरोघरच्या दोन फुटी कंदिलांतून उभी राहिली, ती मोठी होताना बऱ्याच वस्त्यांच्या आवाक्याबाहेर गेली. हे सान फर्नांदोचंच दुखणं नाही. आपल्या मंडळांच्या देखाव्यांचं काय झालं ते आठवा. पूर्वी गल्लीतली पोरं थर्माकोल कापायची, आज कित्येक ठिकाणी सेट तयार येतो आणि पोरं बॅनरवरच्या फोटोत असतात.

आणि पिंप जपायचं म्हणजे ते जसंच्या तसं जपायचं, असंही नाही. उघड्या पत्र्यावर विजेचा प्रवाह खेळवणं धोक्याचंच काम आहे. अनुभवी माणसं ते करतात म्हणून ते निर्धोक होत नाही. तत्त्व घ्यावं आणि विजेचा दाब बदलावा, हे शहाणपणाचं.

आपल्या गल्लीत

महाराष्ट्रात या कामाला लागणारं बरंच काही आधीपासून आहे. आकाशकंदिलाचे हात आहेत, माहीमच्या कंदील गल्लीसारख्या जागा आहेत. गोव्यात तर दिवाळीला आकाशकंदिलांच्या स्पर्धा होतात आणि त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी नाताळच्या चांदण्या दारोदारी लागतात. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना तर डिसेंबरची लांब रात्र आयतीच मिळते.

सुरुवात टेबलावर करा. एक पत्र्याचा गोल डबा घ्या, त्याला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळा. मधोमध काडी घालून तो आडवा फिरेल असा टेकवा. टॉर्चचे चार छोटे बल्ब आणि दोन सेल घ्या. सेलच्या एका टोकाची तार चारही बल्बना सामाईक जोडा. दुसऱ्या टोकाच्या तारेला एक हेअरपिन लावा आणि ती फॉइलच्या कडेला अशा जागी टेकवा जिथे पट्टी कधीच येणार नाही. ही पिन डब्याला सतत वीज देत राहील. मग चारही बल्बची उरलेली टोकं चार पिनांना जोडून त्या रांगेने डब्यावर टेकवा. आता मास्किंग टेपचे तुकडे चिकटवा आणि डबा फिरवा. आठवीतल्या मुलांना हे एका दुपारी जमतं. मुलांना आधी केहरवा वाजवून दाखवायला सांगा, मग तो डब्यावर लिहायला सांगा.

गल्लीसाठी मोठा कंदील करायचा झाला तर घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर असला उघडा रोटर कधीही करू नका. बारा व्होल्टचे एलईडी आणि चांगला अ‍ॅडॅप्टर वापरा, पुरवठ्याच्या जोडण्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. सहा फुटांचा कंदीलही रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवतो. वीस फुटांची घाई नको.

आणि काम सुरू करण्याआधी मंडळाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारून घ्या. नक्षी कोण ठरवणार? ऐन वेळी बिघडलं तर दुरुस्त कोणाला करता येईल? आणि या वर्षी जो शिकला, त्याच्या शेजारी पुढच्या वर्षी शिकायला कोण बसणार? पैशाचा प्रश्न चौथा. तो आपोआप निघतोच, पण तो पहिला निघाला तर बाकीचे तीन राहून जातात.

१९५७ मध्ये रोदोल्फो दाविद यांच्या हाती जे सामान होतं ते कुठल्याही वस्तीत सापडण्यासारखं होतं: पिंप, पिना, तारा. तुमच्या गल्लीत आज काय पडलेलं आहे, याची यादी करून बघा. डबा फिरायला लागला की आम्हाला जरूर कळवा, आणि दिवा समेवर येत नसेल तरी कळवा. पट्टी कुठे सरकवायची ते मिळून पाहू.